ठोक्यामागे तीस सेंटिमीटर

सोमवार, ३

आज घरात भांडण झालं आणि त्याचं लोढणं माझ्या गळ्यात आलं.

धाकटीचं लग्न बावीस तारखेला आहे. आमच्या घरातली सगळी लग्नं एकाच पद्धतीने झाली. दारातून निघायचं, पुढे बँड, मागे घरची माणसं, आणि रस्त्याच्या टोकाला सभागृह. बँडही घरचाच. बाबांनी एकतीस वर्षं त्यात मोठा ड्रम वाजवला. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, ती थोडीशीच परत आली. आता बँड काका चालवतात. ते क्लॅरिनेट वाजवतात.

धाकटीच्या अटी दोन. बाबा चालत येणार, खुर्चीवरून नाही. आणि मिरवणुकीची जुनी धून जुन्या लयीतच वाजणार. दोन्ही अटी एकमेकींना बांधलेल्या आहेत, कारण व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलंय की ठोका ऐकू आला की बाबांचं पाऊल उचलतं. लय चुकली की अडखळतं.

काका म्हणाले, "जुनी लय म्हणजे किती? आता लोकांना नाचायचं असतं. त्या लयीत वाजवलं तर समजतील, बँडला झोप लागली."

मग त्यांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. आईने त्याहून सावकाश वाजवलं. धाकटीने त्याहूनही सावकाश. तिघं तीन लयींत एकाच टेबलावर बडवत होती आणि तिघांनाही खात्री होती. बाबांनी डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर चार-पाच ठोके दिले, थांबले आणि म्हणाले, "नाही."

बाबांना आता तेवढा एकच शब्द नीट येतो. चहा हवा का विचारलं तरी नाही म्हणतात आणि कपासाठी हात पुढे करतात. त्यामुळे त्या 'नाही'वरून काही ठरवता येत नाही.

मी म्हटलं, "मोजता येईल."

"मोजा, इंजिनीअरबाई," काका म्हणाले. "तुमच्या पंपासारखा माझा भाऊही मोजा."

मी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात फिरत्या यंत्रांचा तोल तपासते. कोणतं चाक किती थरथरतं आणि का, हे शोधायचं. काकांना ते काम वाटत नाही.

आईने चाकांची खुर्ची कुठून तरी मागून आणली आहे. ती दारामागे घडी करून ठेवली आहे. तिच्याकडे कोणी पाहत नाही.

मंगळवार, ४

माळ्यावरची पेटी काढली. फोटो बरेच, ध्वनिमुद्रण एकच: आत्याच्या लग्नाची कॅसेट, चोवीस वर्षांपूर्वीची. आत्याचा दीर टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवून बँडच्या बाजूने चालला होता म्हणे. रस्ता हाच, सभागृह हेच.

फोटोंचा उपयोग नाही. प्रत्येक फोटोत बँड कॅमेऱ्याकडे बघतोय आणि बाबा मान वळवून मागे. घरातला हा जुना विनोद आहे. फोटोग्राफर म्हणायचे, मोठ्या ड्रमवाल्याला पुढे दिसत नाही का? ड्रमच्या पट्ट्यामुळे त्यांची मान कायमची डावीकडे कलली. अकरा किलो वजन, एका खांद्यावर, एकतीस वर्षं. आजारी पडण्याच्या आधीपासूनच उजवीकडे बघायचं तर ते अख्खे वळायचे.

शुक्रवार, ७

कॅसेट संगणकावर घेतली. धून ऐकताना खोलीत ऊन होतं आणि धूळ तरंगत होती. काही वेळ मी मोजायला विसरले. हे मी इथे लिहिते, अहवालात लिहिणार नाही.

पहिलं मोजमाप: मिनिटाला साठ ठोके. पण मुद्रण करताना रेकॉर्डरचे सेल उतरले असतील तर फीत हळू फिरली असणार, म्हणजे आता ऐकताना सगळंच वेगात ऐकू येणार. पडताळा हवा. काकांकडे गेले. क्लॅरिनेट तेच, चोवीस वर्षांपूर्वीचं. धुनेचा पहिला स्वर वाजवून घेतला.

"एकच स्वर?"

"एकच."

"पुढचे फुकट देतो."

"नकोत."

आजचा स्वर २३३, कॅसेटवरचा २४०. म्हणजे फीत तीन टक्के वेगात आहे. खरी लय अठ्ठावन्न. थंडीने क्लॅरिनेटचा स्वर थोडा उतरतो, ते धरून एखाद्या ठोक्याची चूक. मला ती मान्य आहे.

अडचण दुसरीच आहे. लय स्थिर नाही. मध्येच एक्केचाळीसपर्यंत पडते, पुन्हा चढते. सातव्या मिनिटाला तर ड्रम अकरा सेकंद पूर्ण गप्प आहे. बाकीचे एकच स्वर धरून उभे. मग ड्रमचा एक ठोका, जरा वेळाने दुसरा, आणि गाडी पुन्हा सुरू. बाबा पक्के वादक होते असं सगळे सांगतात. आकडे तसं सांगत नाहीत.

चढउतार काढून टाकले. सरासरी अठ्ठावन्न.

रविवार, ९

पहाटे धुक्यात मोजणीचं चाक घेऊन रस्त्याला लागले. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. बेकरीच्या भिंतीतून ऊब येत होती, दिव्यांचे खांब एकामागून एक पुढे यायचे आणि मागे विरून जायचे. कानात धून चालूच होती. चाक टक्-टक् करत होतं आणि मला वाटत होतं, मी चालत नाहीये, रस्ताच माझ्याखालून सरकतोय.

दार ते सभागृह ३४० मीटर.

परत येऊन हिशोब केला तर जुळेना. कॅसेटवरची मिरवणूक, वेग दुरुस्त करून, साडेएकोणीस मिनिटांची. म्हणजे साधारण अकराशे तीस ठोके. ठोक्याला एक पाऊल धरलं तर ठोक्यामागे तीस सेंटिमीटर. मोठ्या माणसाचं पाऊल त्याच्या दुप्पट पडतं. सगळं वऱ्हाड अशी पावलं टाकत चाललं असेल तर ती मिरवणूक कसली, रांग म्हणायची.

आई मटार सोलत होती. तिला विचारलं, आत्याच्या लग्नात वाटेत कुठे वळसा घेतला होता का?

"वळसा कशाला? नाकासमोर रस्ता."

"मग इतका वेळ का लागला?"

"लागला खरा. आचारी तोंड पाडून उभा होता." शेंगेतून दाणे सांडले, ते तिने वेचले. "तू तीन वर्षांची होतीस. सबंध रस्ता स्वतःच्या पायांनी चाललीस. कडेवर घेऊ द्यायला तयार नाही कोणाला. मामाने उचललं तर त्याच्या कानाला चावलीस."

मी म्हटलं, मला मिरवणुकीबद्दल हवंय. ती म्हणाली, मग मी कशाबद्दल बोलतेय?

तीस सेंटिमीटरचा उलगडा नाही. विसंगती म्हणून नोंदवली.

बुधवार, १२

पंपघरात दुपारी तीन नंबरच्या पंपाजवळ बसल्या बसल्या डोळा लागला. असं कधी होत नाही. स्वप्नात कॅसेटची फीत रस्त्यावर पसरली होती, तपकिरी, ओली, दारापासून सभागृहापर्यंत. मी तिच्यावरून चालत होते आणि पाऊल पडलं की पायाखाली ठोका ऐकू यायचा. थांबले की गप्प. पुढे कोणाची तरी मोठी पाठ होती. पाठीला तोंड होतं, पण ते आठवत नाही.

फोरमननी टेबलावर पाना आपटून उठवलं. म्हणाले, "पंप बरा चाललाय, बाई. तुम्हीच बंद पडल्या होत्या."

गुरुवार, १३

मिनिटाला अठ्ठावन्न वेळा लुकलुकणारा छोटा दिवा बनवला. काकांच्या पाठीला अडकवायचा, म्हणजे मागून चालणाऱ्या ड्रमवाल्याला तो दिसत राहील. चूक व्हायला जागाच नाही.

संध्याकाळी अंगणात तालीम झाली. नवा ड्रमवाला बिनचूक आहे. दिवा लागला की ठोका. मोठं पितळी वाद्य वाजवणारा, ज्याला सगळे पिंप म्हणतात, पहिल्या फेरीनंतर म्हणाला, "छान आहे. शिवणयंत्रासारखं वाटतंय." काका हसले. मी हसले नाही.

बाबांना ओसरीवर बसवलं होतं.

"नाही," ते म्हणाले.

छप्पन्नवर लावला. नाही. साठ. नाही. चोपन्न. या वेळी त्यांनी दांडीवर हात आपटला आणि डाव्या हाताने खाली दाखवलं, माझ्या पायांकडे. मी चपला न घालता अंगणात उतरले होते. चपला घातल्या. पुन्हा तेच. पाय माझे, मग स्वतःचे, मग माझे. त्यांच्या पायांना थंडी वाजत असेल म्हणून मोजे आणून घातले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

काका हळू आवाजात म्हणाले, "दादाला काही सांगायचंय."

"काय?"

"ते मला कळलं असतं तर मी बँडमास्तर झालो असतो का? डॉक्टर झालो असतो."

झटक्यानंतर वेळेचं भान बिघडू शकतं असं मी वाचलं आहे. त्यांच्या आतल्या घड्याळावर आता विसंबता येणार नाही. कॅसेटवर विसंबावं लागेल.

शनिवार, १५

बाबांना बोळात चालवून पाहिलं. दिवा पुढे, ठोका स्पीकरवर, मी बाजूला. पहिली सहा पावलं ठोक्यावर पडली. सातवं मागे राहिलं. ते गाठायला आठवं त्यांनी घाईने टाकलं आणि बाराव्याला भिंत धरली. चार वेळा केलं. सगळ्यात लांब मजल सतरा पावलं.

डावं पाऊल पटकन पडतं, उजवं उशिरा, आणि दोन उजव्यांमधलं अंतर कधीच सारखं नाही. अशा चाकाला मी तोल नाही म्हणाले असते आणि बंद करायला सांगितलं असतं.

पावलाची लांबी पट्टीने मोजली. तीस सेंटिमीटर.

चौथ्यांदा बसवल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. नाडी बघत असावेत असं वाटलं. माझी बहात्तर होती.

रविवार, १६

धाकटीने खोलीत येऊन दार लावून घेतलं.

"ताई, तू बाबांना पंप समजतेस."

"पंप असते तर सोपं होतं."

"त्यांच्याकडे बघ ना जरा. आकड्यांकडे नको."

"आकडे त्यांचेच आहेत."

"तू त्यांच्यावर अजून रागावलेली आहेस," ती म्हणाली. मी म्हटलं, कशाबद्दल? ती म्हणाली, ते तूच सांग.

रागावलेली नाही. एक वस्तुस्थिती आहे, ती लिहून ठेवते. घरातल्या प्रत्येक लग्नात बाकीच्यांचे वडील त्यांच्याबरोबर चालत. आमचे ड्रमला बांधलेले, पुढे, बँडमध्ये. मला त्यांची पाठ आठवते आणि पाठीवरचा पट्टा. माझ्याबरोबर ते एकदाही चालल्याचं आठवत नाही. दहाव्या वर्षापासून मी बँडच्या मागे चालणं सोडलं. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. बाबांनीही विचारलं नाही. धाकटीला हे माहीत नाही, कारण ती कायम त्यांच्या पाठीशी जाऊन चिकटायची.

ती जाताना म्हणाली, "खुर्ची आणलीत तर मी सभागृहात जाणारच नाही. दारातच बसेन."

ती बसेल. आईवर गेली आहे.

गुरुवार, २०

लांब मजल बावीस पावलं. रस्त्याला साधारण अकराशे लागतील. आईने खुर्चीच्या चाकांना तेल दिलं. मी आवाज ऐकला. विचारलं नाही.

रविवार, २३

काल लिहिता आलं नाही. क्रमाने लिहिते.

सकाळी पुन्हा धुकं होतं. दारात माणसं जमली तरी सगळं जरा दुरून चालल्यासारखं वाटत होतं, आवाजही कापसातून येत होते. बाबांनी कोट घातला होता, तपकिरी बूट, काठी डाव्या हातात. त्यांच्या उजवीकडे मी. मागे धाकटी आणि नवरदेव, त्यांच्यामागे आई आणि वऱ्हाड. शेवटी मामा, चाकांची खुर्ची ढकलत, तिच्यावर चादर टाकून. जणू चादर टाकली की ती खुर्ची राहत नाही.

काकांच्या पाठीवर दिवा लावला. अठ्ठावन्न. बँड सुरू झाला.

बाबा निघाले. नऊ पावलं बरोबर. मग उजवा पाय मागे राहिला, काठी सरकली आणि मी दंड धरला. पुन्हा निघाले. पुन्हा तेच. बँड मात्र सरळ पुढे चालला होता. दिवा धुक्यात लुकलुकत लहान लहान होत गेला. आमच्यात आणि बँडमध्ये आधी पाच मीटर, मग दहा, मग वीस. बेकरीपर्यंत आलो तेव्हा बाबा थांबले. घामाने कॉलर भिजली होती. मागून खुर्चीची चाकं ऐकू आली.  धाकटी खाली बसायच्या बेतात आहे हे मला न बघता कळलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि काठी उचलून स्वतःच्या बुटांकडे दाखवलं. मग पुढे, ड्रमकडे. नवा ड्रमवाला ताठ मानेने समोर बघत चालला होता. दिव्याकडे.

तेव्हा मला त्यांची मान दिसली. डावीकडे कललेली. ती मी रोज बघते. पट्टा मान खाली ओढेल. मागे वळवणार नाही. फोटोंत मात्र ती मागे वळलेली असायची.

मला धावायची सवय नाही. वीस मीटर धावले. काकांच्या पाठीवरचा दिवा काढून खिशात टाकला.

"अगं, काय करतेस?" काकांच्या तोंडातून क्लॅरिनेट निसटलं.

"ड्रम द्या," मी ड्रमवाल्याला म्हटलं.

"ताई, वजन आहे."

"अकरा किलो. माहीत आहे."

पट्टा खांद्यावर घेतला. बँडला परत मागे आणलं, बाबांच्या पुढ्यात, चार पावलांवर. पिंप म्हणाला, "आता काय, उलटी मिरवणूक?"  मी अर्धी वळले, मान डाव्या खांद्यावरून मागे, आणि बाबांच्या बुटांकडे बघत उभी राहिले. बाबांनीही माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी डावं पाऊल उचललं.

ते टेकलं तेव्हा मी ठोका दिला.

उजवं उशिरा आलं. मीही उशिरा आले. डावं लवकर, मीही लवकर. तीन-चार पावलं बँड माझ्यावर आदळत होता. मग काकांनी मागे पाहिलं. आधी माझ्याकडे, मग मी कुठे बघतेय तिकडे. त्यांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि धून त्या पावलांवर अशी ठेवली की कुठे ओढाताण राहिली नाही. धून लांबली, तिच्यात जागा झाल्या. मी कॅसेटवर ऐकली होती तीच होती. चढउतारांसकट.

पुढे किती वेळ गेला ते मला माहीत नाही. धुक्यातून खांब येत होते, माझ्या पाठीमागून, न दिसता. मी फक्त दोन तपकिरी बूट बघत होते. डाव्याची नाडी सैल होती. टपालपेटीजवळ बाबा थांबले, काठीवर भार देऊन. मी ड्रमची काठी वर धरून राहिले. ठोका नाही. काकांनी एकच स्वर धरला, पिंपने त्याच्याखाली दुसरा. सगळा रस्ता उभा होता. खुर्चीची चाकंही वाजली नाहीत. मग उजवं पाऊल, त्या सकाळी पहिल्यांदा आधी उजवं, पुढे आलं. एक ठोका. जरा वेळाने दुसरा.

सभागृहाच्या पायरीशी बाबांनी काठी धाकटीकडे दिली आणि मोकळा हात ड्रमच्या कातड्यावर ठेवला, घुमणारा ठोका थांबवतात तसा.

"नाही," ते म्हणाले. आणि हसले, अर्ध्या तोंडाने.

आचारी तोंड पाडून उभा होता.

जेवणानंतर आईला विचारलं, आत्याच्या लग्नात, सातव्या मिनिटाला, अकरा सेकंद काय झालं होतं?

"मिनिटं कोणी मोजली होती?" ती म्हणाली. मग आठवून म्हणाली, "टपालपेटीपाशी तुझा बूट निघाला होता. लाल. तो तुझा तूच घातलास, कोणाला हात लावू दिला नाहीस. सगळे ताटकळले. काका चिडला, तर तुझे बाबा म्हणाले, तिचं होऊ दे."

मी हिशोबाची वही काढली. ठोक्यामागे तीस सेंटिमीटर, पुढे 'विसंगती' असा शेरा. शेरा खोडला. त्याजागी काय लिहावं ते सुचलं नाही. मोकळी जागा ठेवली आहे.

सोमवार, २४

काकांनी विचारलं, मग किती निघाली शेवटी जुनी लय? मी म्हटलं, परवा मोजली नाही. ते म्हणाले, एवढं शिकून.

फोटो आले. सगळ्यांत बँड कॅमेऱ्याकडे बघतोय आणि मी मागे.

मान अवघडली आहे. डावीकडे वळलेली बरी वाटते, सरळ करताना दुखते. आईने शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. ती मी बाबांच्या मानेला लावली आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच बाजूला मान करून बसले.